हिरवं दिसतंय म्हणून

सदाहरित झाड मेलं ही बातमी आपल्यापर्यंत फार उशिरा पोचते. गुलाब दुपारी मान टाकतो, तुळस दोन दिवसांत सांगून मोकळी होते. पाईन, जुनिपर, मोरपंखी यांचं तसं नसतं. मुळं कुजून गेलेली असतात, खोडातून वर पाणी चढणं थांबलेलं असतं आणि तरी पाला महिना-दीड महिना, गारव्याच्या दिवसांत तर त्याहूनही जास्त, हिरवाच असतो. पानांवर मेणाचा थर, पर्णरंध्रं घट्ट मिटलेली, त्यामुळे आत असलेलं पाणी अगदी सावकाश खर्ची पडतं. आपण रोज पाणी घालत असतो, आल्यागेल्याला कौतुकाने झाड दाखवत असतो, आणि ते केव्हाच गेलेलं असतं.

बोन्सायच्या नादात माझी बरीच वर्षं गेली. फांदी वळवायला तार कशी बांधायची, फांदी कुठली ठेवायची यावर तासन्‌तास बोलणारे पुष्कळ भेटतात. जमिनीतून खोदून काढलेलं जुनं झाड पहिली दोन-तीन वर्षं कसं सांभाळायचं, यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही. माझा जीव सगळ्यात जास्त अडकलाय तो त्या दोन-तीन वर्षांतच.

डोंगरातून काढून आणलेल्या झाडांना जपानमध्ये यामादोरी म्हणतात. तिथल्या सर्वांत नावाजलेल्या जुनिपरचा इतिहास म्हणजे यामादोरीचाच इतिहास. निगाता प्रांतातल्या इतोइगावा भागात चुनखडीचे उभे कडे आहेत आणि त्या कड्यांच्या भेगांमध्ये शिम्पाकू जुनिपर उगवायचे. गेल्या शतकात माणसं दोराला लटकून ते काढायची. त्यात काहींचा जीवही गेला. आता त्या कड्यांवर जुनी झाडं जवळपास उरलेली नाहीत. जगभर इतोइगावा म्हणून जे विकलं जातं, ते त्या झाडांच्या फांद्यांपासून केलेल्या कलमांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाण. आल्प्समधून स्कॉट्स पाईन, म्युगो पाईन आणि लार्च, रॉकी पर्वतातून जुनिपर आणि पाँडेरोसा पाईन अशीच आणली जातात. अमेरिकेत काही राष्ट्रीय वनांमध्ये त्यासाठी रीतसर परवाना मिळतो. खडकाच्या खोबणीत, ओंजळभर मातीवर, दर हिवाळ्यात बर्फाखाली दबून वाढलेलं झाड दोनशे वर्षांचं असूनही मनगटाएवढ्या खोडाचं असू शकतं. असं खोड कुठल्याही नर्सरीत कितीही पैसे ओतून तयार होत नाही. म्हणून ते मारण्याचा अधिकार कुणालाच नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि खोदून काढलेली झाडं बहुतेक वेळा डोंगरावर मरत नाहीत, घरी आणल्यावर मरतात.

नागपुरात बसून हे लिहायचं तर एक गोष्ट आधी सांगून टाकते. आपल्याकडच्या जंगलात शंकूधारी झाड, म्हणजे पाईन-जुनिपरसारखं शंकूत बी धरणारं झाड, आपोआप उगवत नाही. पेंचला जा, उमरेडला जा, मेळघाटात जा. साग, धावडा, मोह, तेंदू, सालई. सुरू लांबून पाईनसारखा दिसतो, पण तो फुलणाऱ्या झाडांच्या कुळातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू राहतात. हिमाचल नाहीतर उत्तराखंडच्या सहलीहून येताना बॅगेत देवदाराचं रोप घालून आणणारे मात्र पुष्कळ आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते, आणू नका. राखीव वनातून रोप उपटणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, ते तर आहेच. पण त्या झाडाला वर्षातून एकदा थंडीची लांब झोप लागते. नागपूरच्या जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर येतो आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीसवर चढतो. ही झोप नव्हे. देवदार वर्षभर जागाच राहतो आणि दमून जातो. चीड पाईन त्यातल्या त्यात बरा, तो हिमालयाच्या पायथ्याकडच्या डोंगरांवर पाचशे मीटरच्या आसपासपासून वर वाढतो, उन्हाची त्याला सवय असते. तरी तो तिथलाच.

आपलं शंकूधारी झाड म्हणजे मोरपंखी. शाळेत जिचं पान ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवायचो ती. सायप्रसच्या कुळातली, मूळची चीन-कोरियाकडची, ऊन आणि कोरडी हवा दोन्ही सोसणारी. तिची फळं जवळून बघावीत अशी असतात. निळसर हिरवी, पांढरट साय धरलेली आणि प्रत्येक खवल्याच्या टोकाला एक वाकडं शिंग. वाळली की तपकिरी होऊन उलगडतात.

माझ्या मैत्रिणीचं सासर रामदासपेठेत. बंगला पाडून तिथे इमारत उभी राहायची होती. फाटकाच्या दोन्ही अंगांना दोन मोरपंखी होत्या, घराची वास्तुशांत झाली त्या वर्षी तिच्या सासऱ्यांनी लावलेल्या. परीक्षा जवळ आल्या की गल्लीतली पोरं येऊन पानं मागायची आणि तिच्या सासूबाई एकेकाला एकेक टिकली मोडून द्यायच्या. माळी दरवर्षी वरून कातरायचा, म्हणून उंची माणसाएवढीच राहिली आणि खोड मात्र खाली दंडाहून जाड होत गेलं, पीळ भरत गेला. मैत्रीण म्हणाली, “घर जातंय ते जाऊ दे, पण बाबांची झाडं तेवढी बघ ना काही होतंय का.” शहरातलं झाड हलवायचं तर १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रातल्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती त्यांनी बांधकामाच्या कागदांसोबत घेतली. आषाढात पाऊस नीट बसल्यावर खोदायला घेतलं. खणायला आलेला माणूस घामाने निथळत होता. म्हणाला, “काहून एवढा जीव काढता काकू? नवीन आणून लावा ना, भेटते नर्सरीत.” पण त्याने फावडं एकदाही मुळावर घातलं नाही. सब्बलीने माती मोकळी करायचा आणि हाताने उकरायचा.

दोन्ही झाडं एकाच दिवशी निघाली, पण सारखी निघाली नाहीत. एक बागेच्या नळाजवळ होतं. त्याच्या बुडाशी बारीक मुळांचं दाट जाळं होतं. दुसऱ्याची मुळं कम्पाऊंडच्या भिंतीच्या पायाखाली शिरलेली. त्याच्यासोबत एक जाड मूळ आलं, अर्ध्या हातावर तुटलेलं, आणि मूठभर तंतुमुळं. जाड मूळ झाडाला धरून ठेवतं, पाणी मात्र बारीक मुळांची टोकंच ओढतात. त्यामुळे दुसऱ्याचं अवघड आहे हे तिथेच दिसत होतं. तरी आणलं, कारण न आणलं तर दुसऱ्या दिवशी जेसीबी येणारच होता.

सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या होत्या, मुळांच्या मापाच्या. माप मुळांचंच हवं. मोठ्या कुंडीत ऐसपैस जागा दिली की मुळं नसलेल्या भागातली माती ओलीच राहते आणि ती ओल मुळांपर्यंत सरकत कूज आणते. पेटीच्या तळाच्या फळ्यांत फटी ठेवल्या. झाड पेटीत बसवून तारेने असं आवळलं की खोड धरून हलवलं तर अख्खी पेटी हलावी. लोकांना हे आवळणं अघोरी वाटतं. पण नवं मूळ फुटतं तेव्हा त्याचं टोक काचेइतकं ठिसूळ असतं. वाऱ्याने खोड जरा डुललं की आत कुठेतरी ते तुटतं, पुन्हा फुटतं, पुन्हा तुटतं. नागपुरातली वैशाखाची वावटळ आठवा.

मातीचं प्रकरण आपल्याकडे फार बिकट आहे. बोन्सायसाठी वापरतात ती दाणेदार जपानी माती, आकादामा, इथे मिळते ती परवडत नाही. आणि झाडाच्या बुडाला जी माती आलेली असते ती आपली काळी कापसाची. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिचा गोळा तसाच ठेवून भोवती विटांचे तुकडे नि रेती भरली तर वरून घातलेलं पाणी सोप्या वाटेने रेतीतून निघून जातं आणि गोळा आत एकतर दगडासारखा कोरडा राहतो नाहीतर महिनोन्‌महिने चिखल. बरं, सगळी काळी माती एकदम धुऊन काढावी तर उरलीसुरली तंतुमुळंही तिच्यासोबत जातात. यावर जुना, पटणारा उपाय आहे: पहिल्या वेळी निम्म्याच बाजूची माती काढायची. निम्मी बाजू जुन्या मातीत कामाला राहते, निम्मी नव्या मातीत शिकते. दुसरी बाजू दोन-तीन वर्षांनी. मी काडीने, पाण्याची बारीक धार सोडत, एकेक मूळ मोकळं करत एका अंगाची माती काढली. भरायला भाजलेल्या विटांचा चुरा, कन्हान नदीची जाड रेती आणि थोडा मुरूम, सगळं चाळून, डाळीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचा माल ठेवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलेलं. धूळ राहिली की सगळा खटाटोप वाया.

पाईन असेल तर आणखी एक काळजी. त्याच्या मुळांवर बुरशीचं पांढरं जाळं असतं, ते मुळांच्या वतीने पाणी नि क्षार गोळा करतं आणि बदल्यात साखर घेतं. मूळ जागेवरची थोडी माती नव्या मिश्रणात मिसळतात ती यासाठी. कुणी पाईनची मुळं पांढरी दिसतात म्हणून कीड समजून धुवायला निघालं तर त्याचा हात धरावा.

आता पाल्याबद्दल. मुळं जितकी कापली तितका पाला कापायचा, हा सल्ला मला प्रत्येक माळ्याने दिला आहे आणि वडा-पिंपळाला तो चालतो. नागपूरच्या महाल भागातल्या पडक्या वाड्यांच्या भिंतीतून निघालेले पिंपळ माझ्याकडे आहेत. सगळी पानं काढून नुसता बुंधा पावसात ठेवला तरी श्रावण संपायच्या आत लालसर पालवी फुटते, कारण त्यांचा अन्नाचा साठा खोडात आणि मुळांत असतो, आणि कुठल्याही उघड्या सालीतून त्यांना डोळा काढता येतो. शंकूधारी झाडांचा साठा बराचसा पानांतच असतो. जुनिपर किंवा मोरपंखीच्या फांदीवरचा सगळा हिरवा भाग गेला, तर जुन्या लाकडातून पुन्हा फुटायची आशा जवळपास नसते. ती फांदी गेलीच. शिवाय वाढती टोकं जे संप्रेरक तयार करतात तेच खाली जाऊन मुळांना फुटायला लावतं. टोकं खुडली की मुळांचा निरोपच तुटला. म्हणून मी दोन्ही झाडांचं एक पानही कापलं नाही. वाळलेली काटकं तेवढी काढली. दारात उभी राहिलेली ती दोन गबाळी झाडं बघून शेजारच्या मामी म्हणाल्या, “थोडं कातरून तरी ठेव, बरं दिसेल.” बरं दिसण्याचे दिवस यायला अजून फार वेळ होता.

सावली, वारा, ओलावा. पहिले काही आठवडे सकाळचं कोवळं ऊन आणि पुढे पन्नास टक्क्यांची हिरवी नेट. पूर्ण अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नये, पानं काम करत राहिली तरच मुळांना खाऊ मिळतो. पाल्यावर दिवसातून चार-पाच वेळा बारीक फवारा, म्हणजे पानांचं पाणी उडून जाणं कमी होतं आणि मुळांवरचा भार हलका होतो. मात्र फवारा म्हणजे पाणी घालणं नव्हे. पेटीत पाणी कधी घालायचं हे मी बांबूच्या काडीला विचारते. पातळ काडी खोडापासून चार बोटांवर आत खोल खुपसून ठेवलेली असते. काढायची, गालाला लावायची. गार आणि काळपट लागली तर आज पाणी नाही. वरून माती पांढरी पडलेली असते तरी नाही. कोरडी लागली की मग असं पाणी द्यायचं की तळातून वाहून निघालं पाहिजे. खत नाही. तुटलेल्या मुळांना क्षार झोंबतात. नवी वाढ नीट लांबायला लागल्यावर सरकीची ढेप, चिमूटभर. जीवनसत्त्व बी-१ टाकलं की मुळं फुटतात ही समजूत जगभर आहे, तिला आधार नाही.

त्या वर्षी या काडीनेच मला जे दाखवलं ते पाल्याने दाखवलं नसतं.

नवरात्राच्या सुमारास नळाजवळचं झाड वाईट दिसायला लागलं. आतल्या बाजूचा पाला पिवळा, मग तांबूस, आणि हात लावला की झडझड गळायचा. भिंतीजवळचं मात्र एकसारखं हिरवं. मैत्रीण बघायला आली ती सरळ त्याच्याकडेच गेली. “हे लागलं गं!” म्हणाली. मी नुसती काडी काढून तिच्या हातात दिली. पिवळ्या पडलेल्या झाडाच्या पेटीतली काडी पाणी घातल्यावर दोन-तीन दिवसांत कोरडी व्हायची. हिरव्या झाडाच्या पेटीतली काडी आठवडा उलटून गेला तरी तळाशी ओली, आणि नाकाजवळ नेली तर कुबट. एक झाड पाणी पीत होतं, दुसरं पीत नव्हतं. जे पीत होतं ते आतली जुनी पानं टाकून बाहेरच्या टोकांना जपत होतं. शंकूधारी झाडं जुनी पानं अशी टाकतातच, मुळं तुटल्यावर जरा जास्त. भिंतीजवळच्याला एक पान टाकण्याचंही बळ उरलेलं नव्हतं. मी त्याची पेटी तिरकी करून ठेवली, पाणी तोडलं, पाल्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तंबू केला. दिवाळीनंतर त्याच्या हिरव्या रंगातला तजेला गेला, शेवाळी करडा झाला. फांदी वाकवली तर पूर्वी लवायची, आता खरखर वाजली. मग सगळं झाड एकदम, आठवड्याभरात, तपकिरी. पेटी मोडली तेव्हा जाड मूळ साल सुटून काळं पडलेलं होतं. मैत्रिणीने त्याचं खोड मागून नेलं. नव्या फ्लॅटच्या देवघरापाशी ठेवलंय.

तेव्हापासून मी पाल्याच्या रंगाला शेवटची साक्ष मानते. नखाने साल खरवडून हिरवं दिसतंय का बघणं हेही या झाडांच्या बाबतीत फसवतं, मेलेल्या झाडाची सालीखालची ओल बरेच दिवस टिकते. बघायचं ते टोक. भिंग घेऊन मोरपंखीच्या टिकलीचं अगदी शेवटचं खवलं बघा. वाढणाऱ्या टोकाचं खवलं बाकीच्यांहून फिकं, पोपटी, थोडं फुगीर आणि ओलसर चकाकणारं असतं. थांबलेल्या टोकाची सगळी खवली एकाच गडद रंगाची. हा फरक मोहरीहून लहान आहे, पण रोज बघितला की डोळा त्याला सरावतो. जुनिपरचंही असंच. थंड प्रदेशात हिवाळ्यात जुनिपर तांबूस होतात, ती मात्र मरणाची खूण नसते. ऊब आली की रंग परततो.

नळाजवळच्या झाडाला माघात पोपटी टोकं दिसली. घरातले सगळे खूश. मला मात्र त्याच वेळी सगळ्यात जास्त धास्ती होती, आणि ती का होती हे सांगायलाच मी हे लिहायला बसले. पहिली पालवी ही ठेवीतली रक्कम काढून केलेला खर्च असतो. झाडाने गेल्या वर्षी साठवलेलं, खणण्याआधीचं. नव्या मुळांनी कमावलेलं त्यात काही असेलच असं नाही. खणून आणलेली कितीतरी झाडं पहिल्या वसंतात जोरात फुटतात, मालक आनंदाने तार घेऊन बसतो, आणि तीच झाडं पुढच्या उन्हाळ्यात जातात. ठेव संपलेली असते आणि पगार सुरू झालेला नसतो. कमाई सुरू झाली हे कळतं ते पालवी फुटण्यातून कळत नाही, पालवी लांबत राहण्यातून कळतं. टोकं दोन महिने सलग पुढे सरकत राहिली, एक बहर थांबून दुसरा आला, काडी पूर्वीपेक्षा लवकर कोरडी व्हायला लागली, की समजायचं. युरोपात या मुळं फुटण्याच्या काळात पेटीखाली गरम होणारी चटई ठेवून मुळांना वीस अंशांच्या आसपास ऊब देतात. हवा थंड, मुळं उबदार, म्हणजे वरचा खर्च कमी आणि खाली काम चालू.

आपल्याकडे उलटं. होळी झाली की गच्चीचा स्लॅब तापतो, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू हात लावू देत नाही, आणि त्या बाजूची मुळं आतल्या आत शिजतात. बहुतेक शंकूधारी झाडांची मुळं पस्तिशीच्या वर कामच थांबवतात. पाल्याला झळ लागलेली दिसते, मुळांची दिसत नाही. म्हणून लाकडी पेटी, ती विटांवर उचललेली, भोवती गोणपाट गुंडाळून सकाळ-दुपार ओलं केलेलं. नेट पन्नासवरून पंचाहत्तर टक्क्यांची. पश्चिमेकडे, जिकडून लू येते तिकडे, वाळ्याची ताटी टांगून तिच्यावर ठिबकची एक नळी सोडली. मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओठ तडकतात. ताटीच्या आतल्या बाजूला बसलं की तो वाळ्याचा वास आणि ओलसर गारवा, झाडासोबत मलाही मिळायचा. कूलरच्या शहरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मे अखेरच्या नवतपाच्या, सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत मी दुपारी बाहेरच जात नव्हते.

उन्हाळ्याची आणखी एक गोष्ट म्हणजे लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत जुनिपर आणि मोरपंखीवर तो हमखास येतो, आणि पाल्यावर धूळ बसल्यासारखा फिका करडेपणा येतो. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर टिचकी मारायची. कागदावर पडलेले ठिपके काही क्षण बघत राहायचं. एखादा चालायला लागला की समजावं. बोटाने पुसला तर तांबडी रेघ उमटते. औषधाआधी पाण्याची जोरदार धार, पाल्याच्या खालून, सकाळी, लागोपाठ काही दिवस. अशक्त झाडाला तेच सोसतं. बोअरचं पाणी आपल्याकडे जड आहे. वर्षानुवर्षं तेच घातलं तर माती अल्कधर्मी होत जाते, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि नवा पाला पिवळा निघतो. गच्चीवरचं पावसाचं पाणी ड्रमांत साठवून मी ते पेटीतल्या झाडांसाठी राखून ठेवते.

त्या उन्हाळ्यातून झाड निघालं. मृग लागल्यावर पेटीच्या तळाच्या फटीतून बाहेर डोकावणारी टोकं दिसली, पांढरी, सुईच्या जाडीची, मागे जरा तपकिरी होत गेलेली. ठेव संपून पगार सुरू झाल्याची खात्री त्या दिवशी पटली. अजूनही तार बांधलेली नाही. काळ्या मातीची दुसरी बाजू आत तशीच आहे, ती या पावसाळ्यात काढायची. त्यानंतर पुन्हा वर्षभर काही करायचं नाही, मग कुंडी, मग बघू. खोडाच्या मागच्या अंगाला बोटभर रुंदीची एक पट्टी वाळली आहे, ज्या बाजूची मुळं खणताना गेली त्याच बाजूला. जुनिपरमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं: एक मूळ, त्याच्या वरची सालीची एक शीर आणि तिच्यावरची फांदी, असा एकेकाचा स्वतंत्र संसार असतो. मूळ गेलं की तेवढीच पट्टी आणि तेवढीच फांदी जाते, बाकीचं झाड चालू राहतं. जपानी जुनिपरवरचं पांढरं लाकूड आणि त्यातून वळत गेलेली जिवंत साल आपण ज्या कौतुकाने बघतो, ती मुळात अशी झालेली असते.

रामदासपेठ, धरमपेठ, धंतोली, सिव्हिल लाईन्स, सगळीकडे जुने बंगले पाडले जात आहेत, आणि जवळपास प्रत्येकाच्या फाटकाशी अशी एखादी मोरपंखी आहे. तुमच्या ओळखीत कुणाचं घर पाडायचं ठरत असेल तर कृपा करून झाडाबद्दल आदल्या आठवड्यात फोन करू नका, आदल्या वर्षी करा. आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. मग पावसाळ्याच्या तोंडाशी खोडाभोवती, खोडाच्या जाडीच्या चार-पाच पट अंतरावर, अर्ध्या वर्तुळाचा चर खणायचा, वाटेत येणारी मुळं धारदार करवतीने साफ कापायची आणि चर रेती नि कुजलेल्या शेणखताने भरून टाकायचा. कापलेल्या टोकांशी त्या चरात तंतुमुळं फुटतात, झाड तोवर आपल्या जागेवर, आपल्या उरलेल्या मुळांवर उभं असतं. जमलं तर पुढच्या पावसाळ्यात दुसरं अर्धं वर्तुळ, आणि त्यानंतर उचलायचं. भिंतीजवळच्या त्या झाडाला अशी दोन वर्षं मिळाली असती तर त्याची मुळं पायाखालून अलीकडे आणता आली असती. बिल्डरशी बोलणी सहसा दोन-तीन वर्षं चालतातच. तेवढ्यात चर खणून होतो.